काही झालं तर तिथे कोण आहे?

"एकटी रानात राहायला जातेस, काही झालं तर तिथे कोण आहे?"

हा प्रश्न मला ऑफिसात डबा खाताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, नागपूरच्या बाजारात, बर्डीवर, कुणी ओळखीचं भेटलं तर तिथेही विचारतात. काही जण काळजीने विचारतात, काही दटावतात. आणि काही मुली अशा असतात की त्यांना स्वतःला जायचं असतं, पण धीर होत नसतो. उभ्या उभ्या दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं नीट सांगते.

आधी मी करते काय ते. थंडी लागल्यापासून होळीपर्यंत, सुट्टी जुळली की मी स्कूटरला तंबू बांधते आणि नागपूरच्या बाहेर पडते. कधी रामटेकच्या पलीकडे, कधी पारशिवनीकडे, कधी उमरेडच्या बाजूला. रात्र तिथेच काढते, एकटी. होळीनंतर आपल्याकडचं ऊन माणसाला बाहेर उभं राहू देत नाही, तेव्हा तंबू माळ्यावर जातो. जायचं कारण साधं आहे, मला तारे पाहायचे असतात. लहानपणी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात जे डोक्यावर फिरताना पाहिलं, ते आमच्या गच्चीवरून कधी दिसलं नाही. पेंचच्या बाजूला दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं रान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातली पहिली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड करून लावले. शहरातल्या माणसाला हे काम किरकोळ वाटेल. पण वाघ-बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या लोकांनी आपल्या दारापुढचा झगमगाट कमी करून घेतला, याचं मला फार अप्रूप आहे.

नियमाचंही सांगते, कारण त्यात घोळ फार होतो. पेंच १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्या हद्दीत परवानगीशिवाय शिरताच येत नाही, तंबू ठोकून रात्र काढणं तर दूरच. मी वनखात्याच्या जमिनीवर झोपत नाही. जंगलाबाहेर, गावालगतच्या शेतात, ज्याचं वावर त्याला विचारून झोपते. त्या भागाच्या, म्हणजे बीटच्या, वनरक्षकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवते. नाल्याच्या पात्रात तंबू लावत नाही, वाळक्या फांदीखाली लावत नाही. मोहाच्या झाडाजवळ तर मुळीच नाही, कारण मोहफुलावर अस्वल येतं.

आणि एक गोष्ट शहरातून येणाऱ्यांना ठाऊकच नसते. कोणत्या वावराच्या कुंपणात करंट सोडलाय, हे आधी विचारायचं. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत पीक लोळवतात, म्हणून लोक कुंपणाला सौरऊर्जेवरची झटका मशीन लावतात. तिचा धक्का बसतो, जीव जात नाही. पण काही जण चोरून थेट लाईनची तार टाकतात. बेकायदा आहे, तरी टाकतात. त्या तारेने विदर्भात वाघ मेलेत, माणसंही मेलीत. ती तार कुठल्या नकाशात सापडत नाही, गावातल्या माणसालाच माहीत असते. त्यामुळे माझी तयारी सुरू होते ती गावात जाऊन बसण्यापासून. तंबू, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कोण आहे तिथे? जागलीवाले आहेत.

पीक उभं असेपर्यंत आपल्याकडचा शेतकरी रात्री वावरात जातो. धानासाठी जातो, गव्हासाठी जातो, हरभऱ्यासाठी जातो. चार बल्ल्यांवर मचाण, वर तणसाचा बिछाना, एक गोधडी, बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. थोड्या थोड्या वेळाने एका मचाणावरून हाळी निघते, दुसऱ्यावरून तिला उत्तर येतं, मग त्याच्या पलीकडच्याचं. तंबूत पडल्या पडल्या ते ऐकायला मला फार आवडतं. दिवसभर राबलेली ही माणसं रात्रभर अर्धी जागी असतात. मार्च लागला की त्यांच्यात बायकांची भर पडते. मोहाचं फूल उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत गळत राहतं, म्हणून त्या अंधारातच टोपली घेऊन निघतात. खाली वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतोच. म्हणून त्या घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत जातात. पहाटे चारला त्यांच्या गप्पा तंबूत ऐकू येतात, कुणाची सून, कुणाचं कर्ज, कुणाची म्हैस. हे सगळं ज्याला तुम्ही निर्मनुष्य म्हणता त्या रानात चालू असतं.

२०२४ च्या होळीच्या आधीच्या आठवड्यात मी देवलापारच्या अलीकडे महामार्ग सोडून आत एका गावात गेले होते. बहुतेक घरं गोंडांची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या तिथे गाड्यांची रांग लागलेली मला नको. हरभरा काढून मोकळं झालेलं एक वावर होतं. मालकाला विचारलं, तो हो म्हणाला, विहिरीचं पाणी चांगलं आहे एवढं सांगून घरी गेला. शेजारच्या वावरात गहू उभा होता, ओंब्या भरून पिवळ्या झालेल्या, आठवड्याभरात कापणीला येईल असा. संध्याकाळपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. पावसाचा अंदाज होता तो दोन दिवसांनंतरचा. मृग पश्चिमेकडे झुकला होता, त्याच्या डावीकडे व्याध, आणि उत्तरेकडे सप्तर्षी वर चढत होते. अर्धा चंद्र मावळायची वाट पाहत मी जागी राहिले. मावळल्यावर मन भरेपर्यंत आकाश पाहिलं आणि तंबूतला दिवा विझवला.

दोनच्या सुमाराला उत्तरेकडून एकदम गार वारा आला. त्यामागोमाग गारा.

फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे हे होतं. दिवसा जमीन तापलेली असते, समुद्रावरची दमट हवा येऊन कोरड्या हवेला भिडते, ढग उंचच उंच चढतात आणि वरच्या थंडीत गारा धरतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून कुणी विसरलेलं नाही. शहरात गारा पडल्या की आपण पोरांना घेऊन गच्चीवर वेचायला धावतो. उघड्या वावरात गारा म्हणजे वरून मारा असतो. लिंबाएवढ्या होत्या. तंबूचे दांडे बघता बघता तडकले आणि कापड अंगावर आलं. वीज जवळच पडत होती. उघड्यावर विजेत सापडलं तर झाडाकडे पळायचं नाही, आडवं पडायचं नाही, पाय जुळवून उकिडवं बसायचं. तशी बसले, झोपायची फोमची चटई दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. पाठीवर, हाताच्या बोटांवर गारा लागत होत्या. वावरात पाणी साचायला लागलं तशी मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, उंच बाजूला सरकले, आणि पाण्याने धुऱ्याची माती खचली, माझ्यासकट. डावा पाय दगडांच्या फटीत गेला आणि घोटा पिळला. हाडाचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला. त्यानंतर उभं राहता येईना. दुपारी ज्या वावरात घामाने चिंब झाले होते तिथे रात्री दात वाजत होते. फोन कोरड्या डब्यात शाबूत होता, रेंज मात्र गावातल्या देवळाच्या ओट्याशिवाय कुठेच येत नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट बोलते, कारण ती तुमच्या प्रश्नात असते पण तोंडावर येत नाही. "काही झालं तर" म्हणताना तुमच्या मनात वाघ नसतो, पुरुष असतो. माझ्याही मनात असतो. ही भीती मी कधी उडवून लावत नाही. एखाद्या गावातली नजर बरी वाटली नाही तर मी पाणीही न पिता पुढे गेले आहे. त्या रात्री गारांचा जोर उतरला आणि गव्हाच्या बाजूने एक बॅटरी हलत हलत माझ्याकडे यायला लागली. मी माझी बॅटरी विझवली. पाय गेलेला, ओरडले तर ऐकायला कोण येईल ते माहीत नाही, आणि अंधारातून कुणीतरी येतंय. पोटात गोळा आला.

तो उजेड वीस-पंचवीस पावलांवर, धुऱ्याच्या पलीकडे थांबला. मग त्या माणसाने बॅटरी उलटी फिरवली आणि स्वतःच्या तोंडावर धरली. पांढरे खुंट वाढलेला चेहरा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, भुवईवर गार लागून रक्त आलेलं. तसाच तो थोडा वेळ उभा राहिला, मला नीट पाहू दिलं. मग उजेड बाजूला नेला. बाजूला त्याची बायको होती, युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली.

"बाई," त्याने हाक मारली, "मी बाजूच्या वावरातला होय. माही बायको बी संगं हाय. भेऊ नोका. बऱ्या आहा ना तुम्ही?"

उत्तर येईपर्यंत तो जागचा हलला नाही. अंधारात एकट्या बाईकडे जाताना आधी स्वतःला दाखवायचं, सोबत कोण आहे ते दाखवायचं, विचारायचं आणि थांबायचं. एवढी समज मला मोठमोठ्या शिकलेल्या पुरुषांत क्वचित दिसली आहे. मी आवाज दिला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, पण मावशी तोवर धुरा ओलांडून आल्यासुद्धा. त्यांनी आधी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली, बोलणं नंतर.

हे काका मला आयुष्यात कधी भेटले नव्हते. संध्याकाळी मी वावराच्या मालकाशी बोलले ते त्यांनी मचाणावरून पाहिलं होतं, तेवढाच संबंध. ते सांगत होते आणि मी ऐकत होते: "चांद बुडल्यावर तुमची बत्ती इझली, ते मी पाह्यली. मंग वारा सुटला. गारा पडून राह्यल्या तं आम्ही दोघं मचाणीखाली बसलो. इकडे पाहतो तं तंबू दिसे ना. इले मनलं, चाल, ते बाई एकटी हाय."

माझा दिवा केव्हा विझला हे कुणाला तरी ठाऊक होतं. मी स्वतःला एकटी समजून झोपले होते.

काकांनी पाय पाहिला. घोट्याला हात लावला नाही, फक्त बॅटरी जवळ धरून पाहिलं, आणि मावशींना उजेड धरायला सांगून मचाणाकडे गेले. परतले ते हिरव्या बांबूचा एक तुकडा घेऊन. ईळ्याने त्याच्या उभ्या कामट्या काढल्या. मग प्रत्येक कामटीची कड ईळ्याच्या पाठीने घासली, तिच्यावरून अंगठा फिरवला, कुठे कूस लागली की परत घासली, परत अंगठा फिरवला. पाऊस पडत होता, हात गारठलेले होते, घाई करायला पुरेसं कारण होतं. त्यांनी घाई केली नाही. दुपट्टा फाडून आधी घोट्याभोवती कापडाचा थर दिला, त्यावर दोन्ही बाजूंनी कामट्या आणि वरून पट्टी. "बोटं हालवा," म्हणाले. हलली. "मुंग्या येते का?" नाही. तेव्हा कुठे त्यांनी गाठ मारली. ढोरांचे पाय बांधून बांधून हात बसला आहे, असं मावशींनी सांगितलं. गाय-बैलाचा मोडलेला पाय त्या गावात काकाच बांधतात.

मग त्यांनी हाळी दिली. जागलीची नेहमीची नव्हे, वेगळी, लांबट. पलीकडच्या मचाणांवरून माणसं आली. कुणीतरी कोठ्यातून बाज आणली आणि मला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर उचललं. मी नको नको म्हणत होते, ते कुणी मनावर घेतलं नाही. वाट गव्हातून होती. बॅटरीचा झोत पुढे पडला तेव्हा मला गहू दिसला. उभा एकही ताटा नव्हता. सगळं पीक जमिनीला चिकटून पडलं होतं, ओंब्या चिखलात गेल्या होत्या, मधूनमधून गारांचे पांढरे ढीग.

"काका, गहू?" मी विचारलं.

"गेला," ते म्हणाले. थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "ते सकाळी पाहू. तुम्ही पाय हालवू नोका."

मी या दोन वाक्यांवर तेव्हापासून किती वेळा आले आहे! बियाणं, खत, मोटारीचं बिल, नोव्हेंबरपासूनच्या जागली, आणि आठवड्यावर आलेली कापणी. ज्या घटकेला हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं त्या घटकेला त्यांनी आपल्या वावराकडे पाठ करून माझा तंबू शोधला. मावशींना "चाल" म्हटलं आणि मावशी उठल्या. दोघांपैकी एकानेही त्याचा उल्लेख माझ्यापाशी केला नाही. मी विचारलं नसतं तर सकाळपर्यंत कळलंही नसतं.

घरी सपरीत, म्हणजे ओसरीत, बाज ठेवली. मावशींनी चूल पेटवून बाहेर आणता येईल तेवढा विस्तव घमेल्यात आणला. आपलं कोरडं लुगडं मला गुंडाळलं, वरून गोधडी. गुळाचा कोरा चहा झाला. तेवढ्या रात्री शेजारपाजारच्या बायका उठून आल्या. एकीने पोलकं आणलं, एकीने खोबरेल. एका म्हातारीने पदराला बांधून मागच्या सालची भाजलेली मोहफुलं आणली होती. ती माझ्या मुठीत देऊन म्हणाली, "चाव, पोरी. अंगात गरमी येते." खरंच येते. माझं लग्न झालंय का, नवरा काय करतो, हे त्यांनी नक्की विचारायचं ठेवलं असणार, पण त्या रात्री कुणी विचारलं नाही. "एकटी कायले आली?" हेसुद्धा नाही.

सकाळी रस्ता बंद होता. गावाबाहेर एक मोठा साग आडवा पडला होता आणि पोरं कुऱ्हाडी घेऊन तिकडे गेली होती. दुधाची गाडी आल्याशिवाय मला हलता येणार नव्हतं. सपरीत पाय उशीवर ठेवून मी बसून होते आणि समोरून मोहफुलाला गेलेल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होत्या. मोह नुकताच धरला होता. गारांनी कळ्यांसकट खाली आणला. भिजलेलं मोहफूल काळं पडतं, आंबतं, वाळवून विकता येत नाही. त्या बायकांच्या हातात वर्षात स्वतःचा म्हणून जो पैसा येतो त्यातला मोठा भाग या महिनाभराच्या फुलांचा असतो.

मी दिवसभर हिशोब तपासायचं काम करते. कागद वाचणं हाच माझा धंदा. कुणीतरी पीकविम्याची पावती आणून विचारलं की यात काही मिळतं का. त्या वेळच्या पीकविम्यात गारपिटीसारख्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. आणि कापून वावरात पसरलेलं पीक असेल तर अवकाळीचं नुकसान कापणीपासून १४ दिवसांपर्यंत धरलं जाई. म्हणजे काकांचा उभा गहू बसत होता आणि शेजाऱ्यांचा कापून ठेवलेला हरभराही बसत होता. निम्म्या लोकांना सूचना द्यावी लागते हेच माहीत नव्हतं. तलाठी पंचनामा करून जाईल, त्यातच सगळं आलं, असा समज. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि त्यात ३३ टक्क्यांहून कमी नुकसान असेल तर काही मिळत नाही. विम्याची वाट वेगळी आहे. दोन पोरांना फोन घेऊन वावरात फोटो काढायला पाठवलं, देवळाच्या ओट्यावर मला बाजेसकट नेलं, आणि गट नंबर, पावती नंबर बघून ज्यांचा विमा होता त्यांच्या सूचना भरत बसले. दुखत होतं, पण त्या कामाने बरं वाटलं. पुढे कित्येक महिन्यांनी काकांच्या खात्यात पैसे आले, गव्हाच्या मानाने थोडे. हरभरेवाल्यांपैकी एकाचा दावा नाकारला गेला. का, ते आम्हाला शेवटपर्यंत धड कुणी सांगितलं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

झाड कापून रस्ता मोकळा झाला, दुधाची गाडी आली. ड्रायव्हरने पुढच्या सीटवर गोधडी टाकून पाय लांब करता येईल अशी जागा केली आणि कॅनच्या वेळा चुकवून मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला चीर होती. डॉक्टरांनी कामट्या सोडल्या, हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, हे कुणी बांधलं? हाड जागचं हललं नव्हतं, प्लास्टरवर भागलं. त्या कामट्या मी मागून घेतल्या.

निघताना मी पर्स उघडली होती. मावशींनी ती माझ्या हातातच मिटवली. "आमच्या वावराशेजारी उतरल्या म्हंजे आमच्या पावन्या झाल्या. पावन्याचे पैसे घेते का कोनी?" दुधाच्या गाडीवाल्याने तर ऐकूनही घेतलं नाही, कॅन रिकामे करायचे म्हणून निघून गेला. त्याचं नाव मला विचारायलाही वेळ मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, हे तुझं नशीब. सगळीकडे अशी माणसं भेटतील का? सगळीकडे भेटतील असं मी लिहून देणार नाही. वाईट माणसं रानात असतात तशी शहरातही असतात. पण "तिथे कोण आहे" असं विचारताना तुम्ही गृहीत धरता की तिथे कुणी नाही, आणि तेवढं मात्र खरं नाही. आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये माझा दिवा केव्हा विझतो हे कुणाला माहीत नाही. माझ्या आईला हे मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मावशींचा नंबर मागून घेतला. आता दोघींचं परस्पर बोलणं चालतं. मी कुठे निघाले की आई मला न विचारता तिकडे हवामान विचारते, आणि मावशींच्या सांगण्यावर तिचा जितका विश्वास आहे तितका माझ्या फोनमधल्या अंदाजावर नाही. पुढच्या थंडीत मी परत गेले तेव्हा काकांचा गहू पुन्हा उगवून वर आला होता. फोमची चटई मी मचाणावर ठेवून आले. तिच्यावर तणस टाकून ते दोघं आता झोपतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीने हाच प्रश्न विचारला, आणि तिला खरंच जायचं आहे. तिच्यासाठी एवढंच. पहिल्या खेपेला पाण्याचं दृश्य वगैरे पाहून जागा ठरवू नकोस, गाव पाहून ठरव. दिवस मावळायच्या दोन तास आधी पोच. दुकानात किंवा देवळाच्या ओट्यावर बस, चहा घे, कुठून आलीस ते आपणहून सांग. पोलीस पाटलाचा नंबर घे, तुझा दे. कुठे करंट आहे, कुठे जागल आहे, दोन्ही विचार. जागलीवाल्याला तंबूची जागा दाखवून ठेव. आणि संध्याकाळी बायका पाण्याला येतात तेव्हा विहिरीवर जा, त्यांच्याशी बोलायला तीच वेळ चांगली. नंतर त्या स्वयंपाकाला लागतात.